गॅसच्या पलीकडचं आतडं

पोटाच्या सोनोग्राफीचा घरातला एखादा जुना रिपोर्ट काढून वाचून बघा. यकृताचा आकार सेंटिमीटरमध्ये दिलेला असतो, पित्ताशयात खडे आहेत की नाहीत ते असतं, दोन्ही मूत्रपिंडांची मापं, प्लीहा, स्वादुपिंड, मूत्राशय, बाईमाणूस असेल तर गर्भाशय आणि अंडाशय, पुरुष असेल तर प्रोस्टेट. सगळ्यांची हजेरी घेऊन झाली की तळाला एक ओळ येते: आतड्यात गॅस भरपूर. पोटात सगळ्यात जास्त जागा ज्याने व्यापली आहे, आणि पोट दुखतं म्हणून आलेल्या माणसाचं पुष्कळदा जे दुखत असतं, त्या आतड्याच्या वाट्याला एवढंच. पेशंट ती ओळ घेऊन घरी जातो आणि विचारणाऱ्यांना सांगतो, "काही निघालं नाही, गॅस आहे म्हणे."

मी बरीच वर्षं सांगली-मिरजेच्या पट्ट्यात सोनोग्राफी करते आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. जतकडून, विजापूर-बेळगावच्या बाजूने, घाट चढून कोकणातूनही पेशंट इथे येतात. चिठ्ठीवर पुष्कळदा दोनच शब्द असतात: पोटदुखी, सोनोग्राफी. या कामात जसजशी मुरत गेले तसतशी माझी खात्री होत गेली, की त्या तळाच्या ओळीवर थांबणं हा पेशंटवर अन्याय आहे. आतडं दिसतं. फक्त त्यासाठी वेळ काढावा लागतो, हात चालवावा लागतो आणि पेशंटशी बोलावं लागतं.

आधी गॅसचं सांगते. सोनोग्राफीची ध्वनिलहर शरीराच्या मऊ भागांतून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जाते. वाटेत एका प्रकारचा भाग संपून दुसरा सुरू झाला की थोडी लहर परत फिरते, बाकीची पुढे जाते, आणि परतलेल्या लहरींतून पडद्यावर चित्र उमटतं. हवेपाशी मात्र जवळजवळ सगळी लहर तिथूनच मागे फिरते, पलीकडे काही पोचतच नाही. प्रोबखाली आम्ही जेल लावतो तेही एवढ्यासाठीच, कातडी आणि प्रोब यांच्यामध्ये हवेचा पातळ थरही राहू नये म्हणून. आतड्यात हवा असणारच, तेव्हा आतडं हा सोनोग्राफीचा प्रांत नव्हे, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. यात एक साधी गोष्ट निसटते. हवा आतड्याच्या पोकळीत असते. पोकळीच्या अलीकडची भिंत, म्हणजे पोटाच्या कातडीकडची बाजू, हवेच्या आधी येते. ती दिसते, स्वच्छ दिसते. आणि आतड्याचे बहुतेक आजार भिंतीत असतात.

वैद्यकातल्या ध्वनिलहरींची सुरुवात ज्या मोजक्या लोकांनी केली, त्यांतल्या एकाने ती आतड्यापासूनच केली होती, हे आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळांनाही माहीत नसतं. जॉन वाइल्ड हा इंग्रज सर्जन. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना तो पोट फुगलेल्या जखमींवर उपचार करत होता. आतडं लुळं पडून फुगलंय की कुठे अडथळा आल्यामुळे फुगलंय, हे पोट न उघडता कसं ओळखायचं, हा त्याच्यापुढचा प्रश्न. भिंतीची जाडी मोजता आली तर उलगडा होईल असं त्याच्या मनाने घेतलं. युद्धानंतर तो अमेरिकेत मिनेसोटाला गेला. तिथे नौदलाच्या तळावर वैमानिकांना रडार शिकवण्यासाठी ध्वनिलहरींवर चालणारं एक यंत्र होतं. त्यावर त्याने काढून ठेवलेल्या आतड्याचे तुकडे तपासले, भिंतीचे थर वेगवेगळे ओळखता येतात हे बघितलं, आणि १९५० साली ते छापून आणलं. ग्लासगोच्या इयन डोनाल्डचा सोनोग्राफीवरचा प्रसिद्ध लेख त्यानंतर आठ वर्षांनी, १९५८ साली आला. त्या डोनाल्डच्याही गाजलेल्या पेशंटपैकी एक बाई पोटाचीच होती. जठराचा कॅन्सर हाताबाहेर गेलाय असं सांगून तिच्यावरचे उपाय थांबवले होते. ध्वनिलहरींनी दाखवलं की ती पाण्याने भरलेली मोठी गाठ आहे. ती अंडाशयाची निघाली, काढली आणि बाई बरी झाली. पुढे सोनोग्राफी म्हटलं की गर्भ आणि घट्ट अवयव एवढंच डोळ्यांपुढे येऊ लागलं आणि आतडं मागे पडलं.

आतडं बघण्याची रीत सांगते. आधी नेहमीचा वक्र प्रोब सगळ्या पोटावरून फिरवायचा. कुठे पाणी आहे का, कुठला वेटोळा फुगलाय का, याचा अंदाज येतो. मग मानेतल्या थायरॉईडसाठी वापरतो तो सपाट, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब घ्यायचा. तो खोलवर बघू शकत नाही, पण जवळचं इतकं बारीक दाखवतो की आतड्याच्या भिंतीचे पाच थर मोजता येतात, एक पांढरा, एक काळा, पुन्हा पांढरा, पुन्हा काळा, शेवटी बाहेरचा पांढरा. मधला ठळक पांढरा पट्टा म्हणजे सबम्युकोसा. सुरुवात उजवीकडे खाली करायची, कारण तिथे पक्क्या खुणा आहेत: मागे सोआस स्नायू, त्याच्या कडेला धडधडणारी इलियाक धमनी. त्यांच्या पुढ्यात लहान आतड्याचं शेवटचं टोक आडवं येऊन मोठ्या आतड्याला मिळतं. तिथून मोठ्या आतड्याची चौकट धरून वर, आडवं, डावीकडे खाली, असं सरकत जायचं. शेवटी मधल्या लहान आतड्यावरून पट्टे ओढत जायचं. तीन मिलिमीटरपर्यंतची भिंत नॉर्मल म्हणायची. त्यापुढे गेली की प्रश्न विचारायला सुरुवात करायची: किती लांबपर्यंत, थर शाबूत आहेत की एकमेकांत मिसळलेत, डॉपलर लावल्यावर रक्तप्रवाह वाढलेला दिसतो का, बाहेरची चरबी पांढरी आणि घट्ट झालीय का, शेजारी गाठी आहेत का, आणि मुख्य म्हणजे आतडं हलतंय का.

या सगळ्यात दाबणं फार महत्त्वाचं. नेदरलँड्समधले रेडिओलॉजिस्ट ज्यूलियन पुलार्ट यांनी १९८६ साली अपेंडिक्ससाठी हळूहळू वाढवत नेलेल्या दाबाची पद्धत लिहिली. पोटाला सूज असताना हाताने चाचपणारा जुना डॉक्टर जसा दाबतो, तसाच प्रोबने दाब द्यायचा. पेशंट श्वास सोडेल तेव्हा एक पायरी खाली जायचं आणि तो श्वास घेईल तेव्हा तिथेच थांबायचं. मधले गॅसने भरलेले वेटोळे बाजूला सरकतात, प्रोब आणि मागचा स्नायू यांच्यातलं अंतर कमी होतं आणि जे दिसत नव्हतं ते समोर येतं. झटक्यात दाबलं तर पेशंट पोट आवळून घेतो आणि मग काहीच मिळत नाही. नव्या मुलांना मी सांगते, तुमचा एक डोळा पडद्यावर आणि दुसरा पेशंटच्या चेहऱ्यावर पाहिजे.

आणि मी प्रत्येकाला एक वाक्य म्हणते: "जिथे सगळ्यात जास्त दुखतं तिथे एकच बोट ठेवा." पेशंट आधी पोटावरून अख्खा तळवा फिरवतात. पुन्हा सांगावं लागतं, एकच बोट. कानडी मुलखातून आलेल्यांना विचारण्यापुरतं कानडी मी त्यासाठीच शिकले. बोट टेकलं की मी प्रोब त्याच ठिकाणी ठेवते.

बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा आठवतो. शाळेच्या गणवेशातच आणला होता, उजवा गुडघा पोटाशी घेऊन कुशीवर पडलेला. ताप होता, एकदा उलटी झाली होती, उजवीकडे खाली दाबलं की ओरडायचा. सर्जनने थिएटरला सांगून ठेवलं होतं आणि रिवाज म्हणून सोनोग्राफीला पाठवलं होतं. वडील म्हणाले, "मॅडम, लवकर करा, ऑपरेशनला घ्यायचंय." मुलाने बोट ठेवलं ते अपेंडिक्सच्या नेहमीच्या जागेच्या जरा वर, आतल्या बाजूला. तिथे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची भिंत सहा मिलिमीटर जाड होती, पण थर वेगवेगळे मोजता येत होते. शेजारी लांबट गाठींचा घोळका. मग मी अपेंडिक्स शोधायला लागले. मोठ्या आतड्याच्या तोंडापासून निघालेली, स्वतःहून न हलणारी, दुसऱ्या टोकाला बंद असलेली बारीक नळी. दाबलं की चपटी होत होती. रुंदी चार मिलिमीटर. सहाच्या पुढे गेली, दाबूनही चपटी झाली नाही, तर संशय घ्यायचा. मी ती बुडापासून शेंड्यापर्यंत पुन्हा पुन्हा बघितली, कारण काही वेळा फक्त शेंडाच सुजतो. सर्जन आत येऊन उभे राहिले. "नक्की?" त्यांनी विचारलं. "शेंड्यापर्यंत दिसलंय, सर. अपेंडिक्स चांगलं आहे. हे जंतूंमुळे आलेलं आतड्याचं दुखणं आहे." ऑपरेशन थांबवून मुलाला देखरेखीखाली ठेवलं. त्या रात्री जुलाब सुरू झाले, दोन दिवसांत ताप उतरला, आणि तो उभा राहून चालत घरी गेला. अपेंडिक्ससारखं भासणाऱ्या या जंतुसंसर्गाकडे लक्ष वेधणाऱ्यांतही पुलार्ट होतेच. सुजलेलं अपेंडिक्स सापडलं तर समाधान वाटतंच. निरोगी अपेंडिक्स पूर्ण दाखवता आलं तर मला जास्त वाटतं, कारण त्या दिवशी एका मुलाच्या पोटावरचा वण टळतो.

सोनोग्राफीवर मला सगळ्यात जास्त विश्वास वाटतो तो तान्ह्या मुलांच्या बाबतीत. सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंतच्या मुलांत कधीकधी लहान आतड्याचा एक भाग पुढच्या मोठ्या आतड्यात शिरतो आणि अडकतो. इंटससेप्शन म्हणतात त्याला. नऊ महिन्यांच्या एका बाळाला घेऊन आई आणि आजी जतकडून आल्या होत्या. सर्दी-ताप होऊन गेला होता. आदल्या संध्याकाळपासून बाळ मधूनच किंचाळायचं, पाय पोटाशी घ्यायचं आणि मग एकदम निपचित पडायचं. कळ उतरली की पुन्हा शांत. आजीने बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावलं होतं, त्याचा वास खोलीत येत होता. पहाटे शीमध्ये आव आणि रक्त दिसलं तेव्हा त्यांनी गाडी केली.

मी प्रोब ठेवला तो उजवीकडे वर, यकृताच्या खाली. आडवा कांदा कापल्यावर दिसतात तशी एकात एक वर्तुळं पडद्यावर आली. एवढ्या स्पष्ट खुणा वैद्यकात फार थोड्या असतात. व्यास तीन सेंटिमीटर. डॉपलरवर भिंतीत रक्त खेळत होतं, पोटात मोकळी हवा नव्हती. म्हणजे ऑपरेशनशिवाय सोडवण्याचा प्रयत्न करण्यासारखी केस होती. लहान मुलांचे सर्जन तिथेच होते, सलाईन सुरू झालं होतं, थिएटर तयार ठेवलं होतं. या तयारीशिवाय हे काम हातात घ्यायचं नाही, कारण आतडं फाटू शकतं. बाळाच्या गुदद्वारात फोलीची नळी घातली, फुगा फुगवून नितंब चिकटपट्टीने जवळ धरले, आणि कोमट केलेल्या सलाईनची बाटली टेबलाच्या साधारण तीन फूट वर टांगली. सर्जन बाटलीकडे, मी पडद्याकडे.

पाणी डाव्या बाजूने वर चढताना दिसतं. काळं पाणी, त्यात तरंगणारे पांढरे ठिपके. मोठं आतडं उघडत जातं, आडव्या भागातून उजवीकडे येतं, आणि तिथे शिरलेल्या आतड्याचं गोल टोक पाण्यात पुढे आलेलं दिसतं. मग पाण्याच्या दाबाने ते टोक मागे सरकायला लागतं. त्या दिवशी ते सरकत सरकत झडपेपाशी आलं आणि थांबलं. लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप सुजून जाड झालेली असते, आणि खरी परीक्षा तिथेच होते. सर्जनने बाटली खाली घेतली, पाणी परत येऊ दिलं, बाळाला थोडी उसंत दिली आणि पुन्हा चढवलं. दुसऱ्या वेळी टोक झडपेत घुटमळलं, आणि अचानक पाणी लहान आतड्यात घुसलं. एका पाठोपाठ एक वेटोळे भरून खळबळायला लागले. ते बघितल्याशिवाय सुटलं असं म्हणायचं नाही. नुसतं टोक दिसेनासं झालं म्हणून भागत नाही. बाळ जरा वेळाने आईला पिलं. पुन्हा अडकण्याची शक्यता राहते, म्हणून एक दिवस ठेवून घेतलं. या सगळ्यात एक्स-रेचा एकही किरण बाळाच्या अंगावर पडला नाही. अशा प्रयत्नांत दहांपैकी आठ-नऊ बाळांचं ऑपरेशन टळतं. ज्या गावात लहान मुलांचे सर्जन आणि सोनोग्राफी दोन्ही आहेत, तिथे कुठल्याही बाळाला या संधीशिवाय सरळ टेबलावर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

जेमतेम महिन्याभराचं, बहुतेकदा पहिलं आणि मुलगा असलेलं बाळ प्रत्येक पाजण्यानंतर दूध लांब फेकत असेल, तर जठराच्या खालच्या तोंडाशी असलेल्या स्नायूची जाडी मोजायची. तीन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आणि वाट लांबलेली असली, तर निदान तिथल्या तिथे होतं. त्यात खल करण्यासारखं काही नसतं.

टीबी आणि क्रोन्स या आतड्याच्या दोन आजारांत फरक करण्यात मात्र वर्षं जातात. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातलं जाड झालेलं आतडं बघितल्यावर युरोपातला डॉक्टर आधी क्रोन्स म्हणेल. बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये १९३२ साली हा आजार मांडला. आपल्याकडे मात्र त्याच कोपऱ्यात आतड्याचा टीबी घर करतो. दोन्हींत वजन घटतं, ताप येतो, जेवल्यावर पोट गुरगुरतं आणि कळ येते. दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट. क्रोन्सला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात आणि तीच टीबीवाल्याला दिली तर आजार वणव्यासारखा पसरतो. दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यात जंतू सापडतातच असं नाही, टीबीचे जंतू शोधणारी जीनएक्सपर्ट चाचणीही आतड्याच्या तुकड्यावर पुष्कळदा निगेटिव्ह येते. अशा वेळी सोनोग्राफी निकाल देत नाही, पण पारडं कुठे झुकतंय ते सांगते. जाड भाग आखूड असेल, शेजारच्या गाठी मोठ्या आणि मध्यभागी काळ्या, सडलेल्या दिसत असतील, पोटात जाळ्या-जाळ्यांचं पाणी असेल, तर टीबीकडे. जाड भाग लांब असेल, भोवतीची चरबी आतड्याला लपेटत असेल, रक्तवाहिन्या रांगेने आत शिरताना दिसत असतील, एका वेटोळ्यातून दुसऱ्यात वाट पडली असेल, तर क्रोन्सकडे.

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेली एक बाई अशीच आली होती. ऐन तिशीतली, हाडं दिसायला लागलेली. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे दुखणं अंगावर काढणं भागच होतं. पोटात पाणी होतं, उजवीकडे आतडं जाड, आणि मध्यभागी काळ्या झालेल्या मोठ्या गाठी. पाणी काढून तपासलं, टीबीचं निदान पक्कं झालं. अडचण पुढे होती. औषध सहा महिने, हंगाम त्याआधी संपणार, आणि टोळी पुन्हा गावी जाणार. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीत नाव घातलं की गावाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून औषध चालू ठेवता येतं, हे मी तिच्या नवऱ्याला कागदावर लिहून दिलं. पुढच्या हंगामात ती आली तेव्हा मी ओळखलंच नाही. गाल भरले होते. पोटात पाण्याचा थेंब नव्हता, गाठी विरल्या होत्या, आतड्याची भिंत जवळजवळ पूर्ववत.

दुसरा पेशंट पंचविशीतला मुलगा, पुण्यात नोकरीला. त्याला आधी टीबीचंच औषध सुरू केलं होतं आणि तसं करणं आपल्याकडे रीतीला धरून आहे. दोन महिन्यांनी मी बघितलं तर भिंत होती तेवढीच, सात मिलिमीटर, आणि रक्तप्रवाह वाढलेला. टीबीच्या औषधाला आतड्याने जेवढी साथ द्यायला हवी होती तेवढी दिली नव्हती. पुन्हा दुर्बीण, पुन्हा तुकडे, आणि मग क्रोन्स. तेव्हापासून तो काही महिन्यांनी येतो. त्याला दर वेळी सीटी करणं बरं नव्हे, एवढ्या तरुण वयात किती किरण अंगावर घ्यायचे? एमआरआय महाग पडतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मेट्रिक अभ्यासात आठ रुग्णालयांतले पेशंट घेतले होते. लहान आतड्यात क्रोन्स असलेल्या पेशंटपैकी एमआरआयने ९७ टक्के ओळखले आणि सोनोग्राफीने ९२ टक्के. एमआरआय पुढे आहे, मान्य. पण आजार माहीत असलेल्या, बारीक अंगाच्या माणसात एकच ठराविक जागा पुन्हा पुन्हा मोजायची तर सोनोग्राफी पुरते, आणि पेशंटला लगेच उत्तर मिळतं. तो मान वळवून पडद्याकडे बघतो आणि विचारतो, "मॅडम, किती झालं?" साडेतीन झालंय असं सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न, "मागच्या वेळी चार होतं ना?" त्याला त्याचे आकडे पाठ आहेत. औषधं तो चुकवत नाही, आणि त्यात त्या पडद्याचा वाटा आहे असं मला वाटतं.

जर्मनी, इटलीत पोटविकारतज्ज्ञ स्वतःच पेशंटच्या पोटावर प्रोब ठेवतात. आपल्याकडे ते तितकं सोपं नाही आणि त्याला सबळ कारण आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने प्रत्येक मशीनची आणि ते वापरणाऱ्या डॉक्टरची नोंद लागते. मशीन नोंदलेल्या जागेच्या बाहेर नेता येत नाही. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींचं प्रमाण २००१ साली ९१३ होतं, २०११ साली ८९४ वर आलं. बीडमध्ये ते ८०७ होतं. आमच्याच क्षेत्रातल्या काहींनी हे यंत्र कशासाठी वापरलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे दारावरचा फलक, रजिस्टर, दर महिन्याचे अहवाल यांचा मला कंटाळा येत नाही. फक्त यातून एक जबाबदारी आमच्यावर येते. पोटविकारतज्ज्ञाच्या हातात प्रोब नसेल, तर आतडं बघणं आमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. आम्हीच एका ओळीत उरकलं तर ते बघायचं राहूनच जातं.

सोनोग्राफीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पोटावर चरबी जास्त असेल तर सपाट प्रोबची लहर पोचत नाही. गुदाशय खोल, हाडांच्या मागे असतो. मोठ्या आतड्यातले छोटे पॉलिप दिसत नाहीत. पन्नाशीच्या माणसाला शौचातून रक्त पडतंय आणि सोनोग्राफी चांगली आली म्हणून त्याने कोलोनोस्कोपी टाळली, तर तो स्वतःचं नुकसान करून घेईल. हे मी अशा प्रत्येकाला तोंडी सांगते, रिपोर्टवर सोडून देत नाही.

आणखी एक अडचण वेळेची आहे. नुसते अवयव बघायला पाच-सात मिनिटं लागतात, आतडं नीट बघायला वीस. सकाळी उपाशीपोटी, लघवी भरून बसलेल्यांची रांग बाहेर असते. सगळ्यांना वीस मिनिटं देता येत नाहीत, द्यायची गरजही नसते. म्हणून टेबलावर घेतानाच विचारते: कधीपासून दुखतंय, वजन उतरलंय का, झोपेतून उठवणारं दुखणं आहे का, शौचाला आव किंवा रक्त पडतं का, घरात कोणाला टीबी झाला होता का. उत्तरांवरून ठरतं कोणाला किती वेळ. आमच्याकडच्या काही सर्जननी आता चिठ्ठीवर दोन शब्दांच्या पुढे लिहायला सुरुवात केली आहे: दोन दिवस उजवीकडे खाली दुखतंय, पांढऱ्या पेशी वाढल्यात, अपेंडिक्स बघा. त्या एका ओळीने माझं अर्धं काम होतं.

शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी जेवणानंतर एकमेकांच्या पोटावर प्रोब फिरवायला लावते. भरलेलं जठर, सरकणारं आतडं, चांगल्या भिंतीची जाडी हे डोळ्यांत बसल्याशिवाय बिघडलेलं ओळखता येत नाही. रिपोर्ट लिहिताना एकच आग्रह धरते. अपेंडिक्स दिसलं नसेल तर ‘अपेंडिक्स नॉर्मल’ लिहायचं नाही. दिसलं नाही असंच लिहायचं, का दिसलं नाही ते लिहायचं, आणि आजूबाजूला काय दिसलं तेही लिहायचं: पाणी नाही, चरबी सुजलेली नाही, दाबल्यावर दुखत नाही. असा रिपोर्ट गेला की सर्जनचा फोन येतोच. मग दोघं मिळून ठरवतो, सीटी करायचं की थांबायचं. थांबायचं ठरलं तर सहा-आठ तासांनी पेशंटला परत बोलावते आणि पुन्हा बघते. त्या दुसऱ्या वेळचे पैसे मी घेत नाही.